पल्प व्हिजिलांटी कॉमिक्स: सुरुवात कुठून करायची आणि दर बुधवारी काय उचलायचं

बॅटमॅनबद्दल विचारलं तर शाळकरी पोरगंही तासभर बोलेल, पण द शॅडो, द स्पायडर, गॅस मास्कवाला सँडमॅन, लॉबस्टर जॉन्सन ही कायदा हातात घेणाऱ्या (म्हणजे व्हिजिलांटी), जुन्या पल्प मासिकांच्या वळणाच्या नायकांची नावं काढली की आपल्याकडे बहुतेक जण कोरे चेहरे करतात. आणि ज्याला खरंच वाचायचंय तो नेटवर शोधायला गेला की समोर नव्वद वर्षांचा ढीग येतो, पाचसहा प्रकाशक, एकाच नावाच्या चारचार सीरिज, प्रत्येकीचा वेगळा एक नंबरचा अंक, शिवाय दर आठवड्याला कोणी ना कोणी "हे वाचाच" म्हणून नवीन यादी टाकत असतो. माणूस पहिल्याच आठवड्यात सोडून देतो. हे टळावं म्हणून लिहितोय.

मुद्द्याचं आधीच सांगतो. शेवट असलेली एक पूर्ण गोष्ट वाचा, ती आवडली तर तिच्या लेखक-चित्रकाराच्या मागे जा, आणि दर आठवड्याची निवड त्या माणसांच्या नावावरून करा. पात्राच्या नावावरून नको. बाकी सगळं ह्याच एका गोष्टीचं तपशीलवार वर्णन आहे.

आधी हाताशी काय हवं

- आंतरराष्ट्रीय पेमेंट चालू असलेलं कार्ड (भारतात २०२०नंतर दिलेल्या नव्या कार्डांवर हे सुरुवातीला बंदच असतं, बँकेच्या अॅपमधून चालू करावं लागतं)
- टॅब्लेट, शक्यतो दहा इंची. मोबाईलवर वाचता येतं, पण पानाची मजा जाते
- नोट्सचं साधं अॅप नाहीतर वही
- परदेशात असाल तर तिथल्या सार्वजनिक लायब्ररीचं कार्ड
- छापील अंक घेणार असाल तर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मागे लावायचे पुठ्ठे, ह्याबद्दल शेवटी

१. हे सगळं आलं कुठून ते थोडक्यात समजून घ्या

१९३० साली अमेरिकन रेडिओवर गुन्हेकथांचा कार्यक्रम लागायचा, त्यातल्या निवेदकाचं नाव द शॅडो. लोक स्टॉलवर जाऊन "त्या शॅडोचं मासिक द्या" असं मागायला लागले, तेव्हा स्ट्रीट अँड स्मिथ ह्या प्रकाशकाने १९३१ला खरंच तसं मासिक काढलं. स्वस्त, खरखरीत लगद्याच्या कागदावर छापलेली दहा सेंटची मासिकं ही, त्यावरूनच पल्प. लिहायला बसवलं वॉल्टर गिब्सनला, जो स्वतः जादूचे प्रयोग करायचा आणि मॅक्सवेल ग्रँट ह्या टोपणनावाने लिहायचा. एकूण ३२५ कादंबऱ्यांपैकी २८२ त्याच्या एकट्याच्या आहेत, आणि मासिक काही वर्षं महिन्यातून दोनदा निघत होतं, म्हणजे त्याच्या टाइपरायटरला विश्रांती कधी मिळाली असेल देव जाणे.

मग १९३३ला दुसऱ्या प्रकाशकाने द स्पायडर आणला (स्पायडरमॅन नव्हे, तो वेगळा), जो गुन्हेगाराला मारून त्याच्या कपाळावर लाल कोळ्याचा शिक्का मारतो. १९३६ला डेट्रॉइटच्या रेडिओवर ग्रीन हॉर्नेट सुरू झाला. त्याच वर्षी वर्तमानपत्रात फँटम आला, जो आपल्याला इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ म्हणून माहितीये. वेताळाचा ठोसा बसला की जबड्यावर कवटीची खूण उमटायची ते आठवतंय ना, तर खूण सोडून जाणारा नायक हा ह्या सगळ्या खानदानाचाच गुण आहे. स्पायडरचा शिक्का, वेताळाची अंगठी, पुढे लॉबस्टर जॉन्सन तर कपाळावर चक्क नांगीची खूण भाजून ठेवतो, आणि मार्व्हलच्या पनिशर ह्या नायकाच्या छातीवर कवटी आहेच.

बॅटमॅनही ह्यांच्यातलाच. १९३९च्या डिटेक्टिव्ह कॉमिक्स अंक २७मधली त्याची पहिली गोष्ट १९३६च्या एका शॅडो कादंबरीवरून घेतलेली आहे, आणि लेखक बिल फिंगरने ते नंतर मान्यही केलं होतं. एवढं माहीत असलं की पुरे. विकिपीडियावर रात्र घालवू नका, ती रात्र वाचण्यात घालवा.

२. पहिल्या अंकापासून सुरू करू नका

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच अडकतो. त्याला वाटतं शॅडो वाचायचा म्हणजे १९४०चा शॅडो कॉमिक्स अंक एक शोधायचा आणि पुढे सरकायचं. ते करू नका. शॅडोचे हक्क प्रकाशकांकडून प्रकाशकांकडे फिरत राहिले, प्रत्येकाने नव्याने सुरुवात केली, आणि मधल्या कित्येक गोष्टी अर्ध्यात तुटल्या. १९८७ची अँडी हेल्फरची सीरिज बघा, भन्नाट आहे, बिल सिएनकिएविच आणि काइल बेकरने चित्रं काढलीयेत, पण अंक १९वर ती बंद पडली आणि तेव्हा शॅडोचं डोकं एका यंत्रमानवाच्या धडावर बसवलेलं होतं! त्यानंतर काय झालं ते कोणीच लिहिलं नाही. सरावलेल्या वाचकाला ती मेजवानी आहे, नव्या माणसाने तिथून सुरुवात केली तर तो परत येणार नाही.

म्हणून मी चार दारं सांगतो, कुठलंही एक उघडा.

पहिलं दार, सँडमॅन मिस्टरी थिएटर. १९९३ ते १९९९, ७० अंक, लेखक मॅट वॅगनर आणि नंतर स्टीव्हन सीगल, चित्रं मुख्यतः गाय डेव्हिसची. माझ्या मते ह्या प्रकारातलं हे सगळ्यात माणूसपण असलेलं काम आहे. १९३०च्या दशकाचा शेवट, न्यूयॉर्क, वेस्ली डॉड्स नावाचा चष्मेवाला, जरा सुटलेल्या अंगाचा श्रीमंत माणूस, त्याला वाईट स्वप्नं पडतात म्हणून तो रात्री कोट, हॅट आणि गॅस मास्क घालून बाहेर पडतो आणि त्याच्या पिस्तुलातून गोळी नाही, झोपेचा गॅस निघतो. एक प्रकरण साधारण चार अंकांत संपतं, त्यामुळे "टॅरँट्युला" हे पहिलं प्रकरण वाचून थांबलात तरी पदरात एक पूर्ण गोष्ट पडते. आणि डायन बेलमाँट ही सरकारी वकिलाची मुलगी फक्त वाचवायला ठेवलेली नायिका नाहीये, ती स्वतः शोध लावते, वेस्लीचं गुपितही शोधून काढते, पुढे त्यांचं नातं हीच खरी गोष्ट होऊन बसते. विषय मात्र जड आहेत, बायकांवरचे अत्याचार, वंशद्वेष, त्या काळातल्या बड्या घरांतली सडकी माणसं. तयारीने वाचा.

दुसरं दार, लॉबस्टर जॉन्सन, डार्क हॉर्स ह्या प्रकाशकाचं. हेलबॉयवाल्या माइक मिन्योलाचं पात्र, २००७ला पाच अंकांची पहिली मिनी-सीरिज (ठरलेल्या अंकांत संपणारी छोटी सीरिज) आली. ज्यांना जास्त डोकेफोड नको, मारामारी, भुतं, वेडे शास्त्रज्ञ आणि पळापळ हवी, त्यांनी इथून शिरावं. २०१२ची "द बर्निंग हँड" त्याहून सरस, टोन्ची झोन्यिचच्या चित्रांमुळे. हेलबॉय वाचलेला नसला तरी काही अडत नाही.

तिसरं, गार्थ एनिसचा शॅडो, प्रकाशक डायनामाइट, २०१२, पहिले सहा अंक. चीनवरच्या जपानी आक्रमणाची पार्श्वभूमी, हिंसा भरपूर, आणि शॅडो इथे सज्जन वाटत नाही, थंड वाटतो. लांब कोट, लाल गळपट्टा, दोन पिस्तुलं, हॅटखाली फक्त नाक आणि डोळे, हे रूप तुम्हाला बघायचंच असेल तर हे सोपं. त्या रूपाचं सर्वात देखणं चित्रण मात्र १९७३चं, डेनिस ओ'नील आणि माइक कलुटाचं, तेही मिळालं तर सोडू नका.

चौथं, किल ऑर बी किल्ड. एड ब्रुबेकर आणि शॉन फिलिप्स, प्रकाशक इमेज, २०१६ ते २०१८, २० अंकांत गोष्ट संपते. आजच्या काळातला डिलन नावाचा विद्यार्थी, आत्महत्येचा प्रयत्न फसतो, मग एक सैतान येऊन सांगतो की जगायचं असेल तर दर महिन्याला एक वाईट माणूस मारायचा. सुरुवातीलाच हा प्रसंग आहे, ज्यांना त्रास होऊ शकतो त्यांनी हे दार सोडून द्या, बाकीची तीन आहेत. ह्यातली पानाची रचना नीट बघा. बऱ्याच पानांवर चौकटी एका बाजूला रचलेल्या आणि दुसऱ्या कडेला पांढरी मोकळी पट्टी, त्या पट्टीत डिलनचं स्वगत, म्हणजे डोळा आधी चित्रात रक्त बघतो आणि मग बाजूला तो माणूस स्वतःला काय समजावतोय ते वाचतो, आणि दोन्ही जुळत नाहीत. कायदा हातात घेणारा माणूस स्वतःशी किती सफाईने खोटं बोलतो हे संवादातून नाही, त्या पांढऱ्या पट्टीतून कळतं.

हिंदी वाचत असाल तर राज कॉमिक्सचा डोगा हे घरचं दार आहे. कुत्र्याचा मुखवटा घालून मुंबईतले गुंड संपवणारा, "कर्फ्यू"पासून सुरू करा. तो ह्याच परंपरेत बसतो आणि कोणापेक्षा कमी नाही.

३. आता माणसांच्या मागे जा

पहिली गोष्ट संपली की वहीत तीन नावं लिहा, लेखक, चित्रकार, रंग देणारा. पुढचं वाचन ह्या नावांवरून शोधायचं. ब्रुबेकर-फिलिप्स आवडले तर त्यांचं २०२०चं "पल्प" घ्या, १९३९चं न्यूयॉर्क, पल्प मासिकात काउबॉय कथा लिहिणारा म्हातारा लेखक, एकाच पुस्तकात संपतं. ओ'नील आवडला तर त्याचं १९८७चं द क्वेश्चन, ३६ अंक. एनिस आवडला तर २००४चं पनिशर मॅक्स, ६० अंक, फक्त प्रौढांसाठी. पनिशर मुळात १९७४ला स्पायडरमॅनच्या अंक १२९मध्ये विरोधक म्हणून आला होता, पण ते वाचूनच पुढे जायला हवं असं काही नाही.

असं का, तर पात्र कंपनीचं असतं. तेच पात्र पुढच्या वर्षी दुसऱ्या लेखकाकडे जातं आणि सगळी चव बदलते. लेखक मात्र कुठेही गेला तरी स्वतःचा हात बरोबर घेऊन जातो.

४. बुधवारचं वेळापत्रक समजून घ्या

अमेरिकेत नवे अंक बुधवारी येतात. बॅटमॅनचं प्रकाशक डीसी २०२०मध्ये मंगळवारी गेलं होतं, २०२४च्या जुलैपासून परत बुधवारी आलं, त्यामुळे जुन्या लेखांत मंगळवार दिसला तर गोंधळू नका. तिकडची दुकानं उघडतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते.

काही शब्द कानावर पडतील. अंक येण्याच्या दोन-तीन महिने आधी प्रकाशक जाहिरातवजा माहिती देतात, त्याला सॉलिसिटेशन म्हणतात. साधारण तीन आठवडे आधी दुकानदाराला आपली ऑर्डर पक्की करावी लागते, ती मुदत म्हणजे एफओसी (फायनल ऑर्डर कटऑफ). आणि तुम्ही दुकानात "हे हे माझ्यासाठी बाजूला ठेवा" असं सांगून ठेवता ती पुल लिस्ट. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी जवळच्या दुकानात पुल लिस्ट नक्की उघडा, आणि छोट्या प्रकाशकाचं काही हवं असेल तर एफओसीच्या आधी तोंडाने सांगा, कारण दुकानदार असले अंक मोजकेच मागवतो आणि न सांगता गेलात तर मिळत नाहीत. बरीच वर्षं मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी फ्री कॉमिक बुक डे होत आलाय, ओळख करून घ्यायला तो दिवस चांगला.

एक लक्षात ठेवा, वितरण करणारी डायमंड ही मोठी कंपनी जानेवारी २०२५मध्ये दिवाळखोरीत गेली, तिच्यावर कितीतरी छोटे प्रकाशक अवलंबून होते. तारीख जाहीर झाली म्हणजे अंक त्या दिवशी येईलच असं धरून चालू नका.

५. आठवड्याच्या शिफारशी कशा वाचायच्या

दर बुधवारी पाच-दहा नावांच्या याद्या फिरतात. सगळ्या वाईट नसतात, पण प्रत्येक नावापुढे हे विचारून बघा:

हा कितवा अंक आणि एकूण किती? "पाचपैकी एक" असेल तर बिनधास्त घ्या. "अंक १४" असेल तर आत्ता नको, सगळे अंक एकत्र असलेलं पुस्तक (कलेक्शन) येईपर्यंत थांबा. नुसतं "१" असेल आणि एकूण किती ते लिहिलं नसेल तर ती बहुधा ऑनगोइंग आहे, म्हणजे शेवट न ठरवता चालू ठेवलेली, कधीही बंद पडू शकते.

शिफारस करणाऱ्याने आतल्या पानाबद्दल काही लिहिलंय का? फक्त कव्हर आणि "धमाकेदार" एवढंच असेल तर त्याने वाचलेलंच नाही असं समजा.

आणि कव्हरचा सापळा. पल्प पात्रांच्या अंकांना व्हेरिएंट कव्हर ढिगाने निघतात, डायनामाइटच्या एकेका अंकाला चार-पाच सहज. आतली गोष्ट सगळ्यांत एकच असते. काही कव्हर तर दुकानदाराने दहा किंवा पंचवीस प्रती मागवल्या तरच एक मिळतं, म्हणून ते महाग विकलं जातं. संग्रह करायचा असेल तर तो वेगळा छंद आहे, वाचायचं असेल तर सर्वात साधं कव्हर घ्या.

मी स्वतः आठवड्याला तीनच गोष्टी धरतो, एक चालू असलेली मिनी-सीरिज, एक कोणाचा तरी पहिला अंक आणि एक जुनी पूर्ण झालेली गोष्ट. बहुतेक वेळा जुनीच सगळ्यात चांगली निघते.

६. कुठून आणि केवढ्याला

सुटा अमेरिकन अंक ३.९९ किंवा ४.९९ डॉलर, त्यात गोष्टीची पानं वीस-बावीस. भारतातून सुटे छापील अंक मागवणं पोस्टेजमुळे परवडत नाही, स्पष्ट सांगतो. पाच-सहा अंकांचं एकत्र पुस्तक, म्हणजे ट्रेड पेपरबॅक, बहुतेकदा सुट्या अंकांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडतं आणि त्यात जाहिराती नसतात.

डिजिटलसाठी किंडल. जुने लेख कॉमिक्सॉलॉजी अॅप टाका म्हणून सांगतात, ते अॅप डिसेंबर २०२३मध्ये बंद होऊन सगळं किंडलमध्ये गेलं. अँड्रॉइडवर किंडल अॅपच्या आत खरेदी होत नाही, ब्राउजरमधून घ्यायचं मग अॅपमध्ये उतरतं. लहान स्क्रीनवर एकेक चौकट मोठी करून दाखवायची सोय असते, पण पहिल्यांदा पूर्ण पान बघा आणि मगच ती वापरा, नाहीतर वर सांगितलेल्या पांढऱ्या पट्टीसारख्या गोष्टी हातून निसटतात. पनिशर, मून नाइट अशा मार्व्हलच्या नायकांसाठी मार्व्हल अनलिमिटेड ह्या त्यांच्याच अॅपची वर्गणी घेता येते, तिथे नवे अंक साधारण तीन महिन्यांनी येतात.

फुकट आणि कायदेशीर हवं असेल तर ज्यांचे हक्क संपलेत असे १९४०-५०च्या काळातले अंक डिजिटल कॉमिक म्युझियम आणि कॉमिक बुक प्लसवर आहेत. परदेशात लायब्ररी कार्डावर लिबी आणि काही देशांत हूपला ही अॅप्स चालतात, हूपलावर कॉमिक्स खूप आहेत. मुंबईत माटुंग्याचे, फ्लोरा फाउंटनचे जुनी पुस्तकंवाले अधूनमधून बघत चला, रद्दीत कधी काय हाताला लागेल सांगता येत नाही.

चोरीच्या स्कॅन साइटवर मात्र जाऊ नका. नैतिकता बाजूला ठेवली तरी हे छोट्या खपाचे अंक आहेत, शे-दोनशे वाचक कमी झाले तरी पुढची मिनी-सीरिज निघत नाही, आणि मग आपणच रडतो की गोष्ट अर्ध्यात तुटली.

७. जुनं वाचताना सावध

१९३०-४०च्या मूळ पल्पमध्ये पूर्वेकडची माणसं कशी रंगवलीयेत ते वाचून राग येईल. शॅडोचा मोठा शत्रू शिवान खान हा त्या काळच्या "पूर्वेकडून येणारं संकट" ह्या भीतीतून घडलेला आहे. स्पायडरचा नोकर रामसिंग सुरुवातीला हिंदू, पुढे शीख, लेखकाला फरक पडत नव्हता हे उघड दिसतं. रेडिओवरचा शॅडो माणसांची मनं धूसर करायची विद्या पूर्वेकडून शिकून आलेला. हे लपवून वाचण्यात अर्थ नाही, राग आला तर येऊ द्या, आणि म्हणूनच नवीन माणसाला मी नव्वदीनंतरच्या लेखकांपासून सुरुवात करायला सांगतो, कारण त्यांनी हे प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

घरात लहान मुलं असतील तर वरच्या चारपैकी तीन पुस्तकं कपाटात वर ठेवा. मुलांना लॉबस्टर जॉन्सनही बारा-तेराच्या आत नको. त्यांच्यासाठी जुना वेताळ आहेच.

८. तुमची स्वतःची यादी बनवा आणि दुसऱ्याला द्या

महिनाभर वाचलं की मित्रांच्या ग्रुपवर दर बुधवारी तुम्हीच एक शिफारस टाका. एका अंकाला पाच ओळी पुरे: किती अंकांपैकी कितवा, कोणी लिहिला-काढला, रहस्य न फोडता सुरुवातीची परिस्थिती, आतलं एक पान जे तुम्हाला थांबून परत बघावंसं वाटलं, आणि कोणी वाचू नये. ही शेवटची ओळ लोक टाळतात पण वाचणाऱ्याला सगळ्यात उपयोगी तीच पडते. त्या पानाबद्दल लिहायला लागलात की तुमचं स्वतःचं वाचनही सावकाश होतं.

एखादी सीरिज सोडायची कधी? तीन अंकांत पकड आली नाही तर सोडा. पूर्ण संच हवा म्हणून न आवडणारं विकत घेत राहू नका, त्याच पैशात दुसऱ्या कोणाचा पहिला अंक येतो.

९. छापील अंक सांभाळायचे तर

मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हा कागदाचा शत्रू. पिशवीत अंक, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि डब्यात उभे ठेवा, आडवे रचले की खालचे वाकतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, जूनच्या आधी बदलायच्या. बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट नको, ओल तिथूनच येते. डांबराच्या गोळ्या टाकू नका, तो वास कागदात बसला की निघत नाही, कसर लागू नये म्हणून सुकवलेली कडुलिंबाची पानं कापडी पुरचुंडीत बांधून डब्याच्या बाहेर कपाटात ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक अंक एकदा काढून, कोरड्या हाताने चाळून परत ठेवायचा, आणि ज्या पिशवीला आतून वाफ धरलेली दिसेल ती लगेच बदलायची.